अपुरा आंत्ररोध : थांबण्याची चिकित्सा



बडोद्यात कुणाचे पोट दुखू लागले की घरातील वडीलधारी मंडळी प्रथम एरंडेलाची बाटली शोधतात. एरंडीचे अमाप पीक घेणाऱ्या या प्रांतात ते स्वाभाविकच. परंतु आंत्ररोधात हेच एरंडेल घातक ठरू शकते.

आतडे पूर्णपणे अडले की मल आणि वायू दोन्ही थांबतात, आणि घरचे घाबरून रुग्णालय गाठतात. अपुरा अडथळा अधिक फसवा. लाटेसारख्या कळा येतात, पोट फुगते, उलट्या होतात. तरी थोडा वायू सरतो, क्वचित पातळ शौचही होते. साहजिकच अजीर्णाचा समज होतो. पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर आतड्याचे पदर एकमेकांस चिकटणे, हर्निया, आणि आपल्या देशात आतड्याचा क्षय, ही त्याची नेहमीची कारणे. वीस वर्षांपूर्वीची अपेंडिक्सची शस्त्रक्रियादेखील डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

पोट उघडून अडथळा काढण्याचा विधी सुश्रुताने ‘बद्धगुदोदर’ या व्याधीसाठी सांगितला आहे. आंत्ररोध दिसताच विलंब न लावता शस्त्र चालवावे, हा पुढील काळातील शल्यवैद्यांचाही दंडक होता. १९३०नंतरच्या दशकात अमेरिकेतील वांगेनस्टीन यांनी नाकातून जठरात नळी घालून साचलेला द्रव शोषून घेण्याची रीत रूढ केली, आणि काही रुग्णांत थांबणे शक्य झाले.

आज सयाजीराव रुग्णालय असो वा खाजगी इस्पितळ, अशा रुग्णाचे तोंडाने खाणेपिणे बंद ठेवून नळी व सलाइन लावतात आणि सीटी स्कॅन काढतात. पदर चिकटल्याची शंका असल्यास नळीतून क्ष-किरणांत दिसणारे औषध देतात. चोवीस तासांत ते मोठ्या आतड्यात उतरले तर शस्त्रक्रिया बहुधा टळते. या काळात नातलगांना वाटते की डॉक्टर काहीच करीत नाहीत. वस्तुतः दर काही तासांनी नाडी पाहणे, पोट चाचपणे, मूत्र मोजणे चालू असते. ‘वायू सरला का?’ हा प्रश्न सभ्य घरांत ओशाळवाणा वाटतो. पण त्याचे खरे उत्तर फार मोलाचे असते.

येऊनजाऊन असणारी कळ अखंड झाली, ताप चढला, नाडी धावू लागली किंवा पोट कडक झाले, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असल्याचा संभव असतो. मग थांबणे नाही, तत्काळ शस्त्रक्रिया.

अडथळा आपोआप सुटला तर घोटभर पाणी, मग पेज, असा क्रम लागतो. चिकटलेले पदर मात्र तसेच राहतात. म्हणून पुन्हा तशीच कळ आल्यास जुने डिस्चार्ज कार्ड घेऊनच रुग्णालयात जावे.