जिवंत शाई आणि स्वच्छ हात



जैवमुद्रणाच्या यंत्राशी कामगारसंघटनेच्या माणसाचा काय संबंध, असे कोणी विचारील. मी शास्त्रज्ञ नव्हे. जे वाचले ते कोश जवळ घेऊन, अडत अडत वाचले. पण जेथे यंत्र आहे तेथे ते चालविणारा आहे आणि पुसणाराही आहे. म्हणून हा विषय माझाही आहे.

छापखान्यातल्या शाईच्या जागी या यंत्रात जिलेटिन किंवा समुद्रशेवाळातून काढलेले अल्जिनेट असते आणि त्यात जिवंत पेशी कालवलेल्या असतात. बारीक सुईतून ही शाई थरावर थर रचीत जाते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने, तेथील आय.आय.टी. आणि सी.सी.एम.बी. यांच्या साहाय्याने, असे छापलेले डोळ्याचे पारदर्शक पटल सशाच्या डोळ्यात बसविल्याचे २०२२ साली जाहीर केले.

आता यातली मेख पाहा. शस्त्रक्रियेची हत्यारे १२१ अंश सेल्सियसच्या दाबाखालील वाफेत १५-२० मिनिटे ठेवली की निर्जंतुक होतात. धातूच्या सुईला हे चालते. यंत्राच्या पोटात मोटारी आणि विजेच्या तारा. ते शेकडा ७० अल्कोहोलने पुसावे लागते. निव्वळ अल्कोहोल का नको? ते चटकन उडून जाते, आणि जंतूंची प्रथिने मोडायला थोडे पाणीही लागते. आणि शाई? तिला वाफ दिली तर जंतूंबरोबर पेशीही मरतील. म्हणजे माल तयार झाल्यावर तो धुण्याची सोयच नाही. स्वच्छता पहिल्या पायरीपासून पाळली तरच शेवटी हाती लागणार.

हवेचेही तसेच. हेपा नावाची गाळणी ०.३ मायक्रॉनचे कण शेकडा ९९.९७ या प्रमाणात अडविते. अशा गाळलेल्या हवेत छपाई होते. मग तो तुकडा ३७ अंशांच्या, दमट, शेकडा ५ कार्बन डायॉक्साइड असलेल्या पेटीत ठेवतात. हवा कोरडी पडली की थर सुकतात. उष्णता चुकली की जिलेटिनची शाई सुईत गोठते, नाहीतर पाण्यासारखी वाहते. गिरणगावाला हे नवे नाही. सूत तुटू नये म्हणून खात्यातली हवा दमट ठेवीत. माणूस घामाघूम झाला तरी हवा सुताची होती!

तोच प्रश्न येथेही आहे. गाळलेल्या हवेच्या काही कपाटांत हवा मालावरून वाहून थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. माल सुरक्षित राहतो, माणूस नाही. आणि मानवी पेशींतून रोगाचे विषाणू येऊ शकतात. द्वितीय वर्गाची जैवसुरक्षा कपाटे मालाला आणि माणसाला, दोघांनाही जपतात. मानवी पेशींच्या कामाला तीच हवीत, ही मागणी आपली आहे.

कोणी म्हणेल, शाईत पेनिसिलिन घाला की झाले. पण मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूला पेशीभित्तीच नसते, म्हणून पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही. द्रव गढूळही होत नाही. मुद्दाम तपासणी केली तरच तो सापडतो. मग पहिला संशय कोणाला येणार? रोज हात लावणाऱ्याला. तो बोलेल का? कंत्राटावरचा माणूस, तुकडा वाया गेला तर रोजंदारी कापली जाईल या धास्तीने गप्पच राहील.

१८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरने शवविच्छेदनावरून प्रसूतिगृहात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. मृत्यू झपाट्याने घटले. तरी दोष प्रतिष्ठितांच्या हातात आहे, हे अनेकांना रुचले नाही. दोष झाडूवाल्यावर ढकलणे नेहमीच सोपे असते.

म्हणून मी म्हणतो, प्रयोगशाळेत गाळणीइतकीच एका हक्काची गरज आहे: “थांबा, हे बिघडले आहे,” असे धाकट्यातल्या धाकट्या नोकराने म्हणावे आणि त्याची मजुरी शाबूत राहावी. उद्या त्या यंत्रातून निघालेली कातडी भाजलेल्या माणसाच्या अंगावर चढली, तर तिची शुद्धता या एका वाक्यावर अवलंबून असेल.