शिबिराचं मानधन आणि आगोटीचा हिशेब

मुरुडहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आजचा विषय आहे उन्हाळी शिबिरातलं काम. परीक्षा संपल्या की मुलांची शिबिरं भरतात. तिथं मुलांकडे बघायला ताई लागते, स्वयंपाकाला बाई लागते. काम चांगलं असतं, पण पैसे थोडे. मग घरात प्रश्न पडतो, जावं की नाही?

आपल्याकडे हा प्रश्न जास्त अवघड, कारण मे महिना हाच कमाईचा. बोंबील, जवळा वाळवायचा तो याच उन्हात. पर्यटक येतात तेही आताच. पुढे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. पावसात जंजिऱ्याच्या होड्याही बंद, म्हणजे खानावळीला गिऱ्हाईक नाही. त्यातच आगोटीची बेगमी आणि जूनमध्ये शाळा. ज्यांच्या वाड्या आहेत त्यांनाही ३ जून २०२०चं निसर्ग वादळ आठवत असेल. पोफळ नव्यानं लावली तर धरायला पाच-सात वर्षं लागतात. म्हणून मे महिन्यातला एकेक दिवस मोजूनच द्यावा लागतो.

यंदा आमच्या गटात एकाच शिबिराची दोन बोलावणी आली. एक बारावी झालेल्या मुलीला, एक खानावळ चालवणाऱ्या ताईला. दोघींचा हिशेब आम्ही बैठकीत मांडला.

मुलीला वीस दिवसांचे ५,००० रुपये आणि जेवण-राहणं मिळणार होतं. घरी राहिली असती तर पर्यटकांच्या गर्दीचे बारा दिवस ४०० रुपये रोजानं काम होतं, म्हणजे ४,८००. वरवर पाहता शिबिरच बरं. पण एसटीचे ३०० गेले. शिवाय ती नसली की मासळी वाळवायला आईला सहा दिवस माणूस लावावं लागणार, त्याचे १,८००. उरले २,९००. म्हणजे शिबिराला जायचं तर १,९०० रुपयांचा खड्डा.

तिला पुढे शिक्षिका व्हायचंय. मुलांचे खेळ घेणं, आजारी मुलाला सांभाळणं, चारचौघांत बोलणं हे तिला तिथं शिकायला मिळणार होतं. मग आम्ही सावड केली. सहा जणींनी एकेक दिवस तिच्या आईला हात दिला, आई आमच्याकडे फेडणार. १,८०० वाचले, खड्डा शंभर रुपयांवर आला. शिबिरवाल्यांकडून निम्मे पैसे आधी घेतले, त्यातून आईचा गटाचा हप्ता गेला. उरलेले कधी देणार ती तारीख कागदावर घेतली. मुलींची खोली वेगळी आहे का, रात्री जबाबदार बाई कोण, हेही विचारलं. मग मुलगी गेली.

ताईचं तसं नव्हतं. वीस दिवस साठ मुलांचा स्वयंपाक, पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत, आणि ६,००० रुपये. दिवसाला ३०० झाले. २०२५-२६ साठी रोजगार हमीचा आपल्या राज्यातला दर ३१२ रुपये होता, आणि तिथं सोळा तास काम नसतं. मे महिन्यात खानावळीतून खर्च जाऊन तिला ९,००० सुटतात. गटाचे दोन हप्ते ३,०००, आगोट ४,००० आणि मुलाची शाळा २,०००, असे ते सगळे आधीच वाटलेले. घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. तिनं ९,००० मागितले. ते ७,०००वर थांबले. राहिलेले दोन हजार गटातून काढले तर महिना दोन टक्क्यांनी व्याज, आणि फेडायचे ते कमाई नसलेल्या पावसात. ताईनं नाही म्हटलं.

कोणी म्हणालं, मुलांचं काम आहे, सेवा म्हणून करावं. महाराष्ट्रात शिबिरांची परंपरा जुनी आहे. राष्ट्र सेवा दल १९४१ साली सुरू झालं. अशा शिबिरांत कित्येक ताई-दादा पैसे न घेता राबले. त्यांच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण सेवा ज्यानं त्यानं आपल्या राजीखुशीनं करायची असते. जिथं मुलांकडून फी घेतली जाते आणि बाईला सोळा तास चुलीपाशी उभं राहायचं असतं, तिथं ती मजुरीच. तिला मानधन म्हटलं म्हणून घरचा हप्ता कमी होत नाही.

एकीला हो आणि एकीला नाही, दोन्ही बरोबर. मुलीचं कमी पडलेलं आम्ही सावडीनं भरून काढू शकलो, ताईचं नाही.

तुमच्या घरी असं बोलावणं आलं तर वहीत चार ओळी लिहा. हातात किती पैसे येणार आणि कोणत्या तारखेला? तेवढ्या दिवसांत घरचं कोणतं काम बुडणार आणि ते कोण करणार? जून-जुलैत काय काय द्यायचंय? आणि शेवटची, या कामातून पुढे उपयोगी पडेल असं काय शिकायला मिळणार? पहिल्या तीन ओळी जुळल्या, तर चौथीसाठी जरूर जा. नाही जुळल्या, तर वही घेऊन गटाच्या बैठकीला या. तिथंही मार्ग नाही निघाला, तर नाही म्हणा, आणि ते म्हणताना मान खाली घालू नका.