शिळे पाणी



कडक उन्हाच्या दिवसांत पाण्याचा प्रश्न निघाला की धरण, विहीर आणि टँकर यांची चर्चा होते. घरातील हंडा-कळशीपर्यंत ती क्वचितच पोहोचते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या फेरीत १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी तीनशेहून अधिक किलोमीटरचे अंतर कापून आले. ज्या पाण्यासाठी आगगाडी धाडावी लागते, तेच पाणी पुष्कळ घरांतून सकाळी मोरीत ओतले जाते. कारण एकच : नळाला ताजे पाणी आले, म्हणजे कालचे शिळे झाले.

ही कल्पना अन्नावरून आली असावी. शिजविलेले अन्न रात्रभरात आंबते; स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेले पाणी एका रात्रीत नासत नाही. ते बिघडते त्यात बुडणाऱ्या हातामुळे, भांड्याच्या उघड्या तोंडामुळे. लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटीचा पिंप वापरल्यास हा दोष बराचसा दूर होतो. साठवणीत क्लोरीनचा अंश मात्र घटत जातो. म्हणून दोन-तीन दिवसांचे पाणी पिण्यासाठी उकळून घ्यावे, नाहीतर धुण्याभांड्यांकडे वळवावे. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, हेही शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावे.

समजा, २०० उंबऱ्यांच्या गावात प्रत्येक घराने रोज दोन कळशा, म्हणजे ३० लिटर पाणी ओतून दिले, तर ६,००० लिटर होतात. जल जीवन मिशनच्या दरडोई दररोज ५५ लिटर या मानाने ते शंभराहून अधिक माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. तरीही केवळ गृहिणीला दोष देणे न्यायाचे नाही. पुढचे पाणी केव्हा येईल याचा भरवसा नसतो, म्हणून ती भांडी रिकामी करून पुन्हा काठोकाठ भरते. नळाची वेळ आधी जाहीर करणे आणि ती पाळणे, हे काम पंचायतीचे आहे. वेळापत्रक पाळले गेले नाही, तर काटकसरीचा उपदेश कोणी ऐकणार नाही.

साठवणीला आणखी एक बाजू आहे. डेंग्यू पसरविणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. उन्हाळ्यात अंड्यापासून डास होण्यास सात-दहा दिवस पुरतात. त्यासाठीच आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळावयाचा. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात, तेव्हा पाणी नुसते ओतून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. मात्र कोरडा दिवस म्हणजे भरलेला रांजण गटारात उपडा करणे नव्हे. आदल्या दिवसापासून त्यातील पाणी धुण्याला, सारवणाला काढीत गेल्यास घासतेवेळी तळाशी चार तांबे उरतात. ते झाडाच्या बुंध्याशी ओतावे.

काटकसर कोठे करू नये, हेही सांगितले पाहिजे. उष्णतेच्या लाटेत पिण्याच्या पाण्याला हात लावू नये. लहान मुले, वृद्ध आणि उन्हात राबणारे मजूर यांना तहान लागण्याची वाट न पाहता पाणी द्यावे. एप्रिलमध्ये शाळा भरत असतानाच ओसरीवर झाकलेला माठ, त्याच्या जवळ टांगलेले ओगराळे आणि हात धुतलेले पाणी झाडांसाठी जमा करणारी बादली, एवढी मांडणी सहज करता येते.