शब्दांचे भय आणि आरोग्याचे भान
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



भगवान महावीरांनी आपला उपदेश अर्धमागधी या लोकभाषेत केला. ज्याच्या कल्याणासाठी ज्ञान आहे, त्याला ते उमजले पाहिजे, हा त्यामागील भाव. वैद्यकात मात्र आजही ग्रीक आणि लॅटिन शब्दांचेच राज्य आहे. रुग्णाच्या हातातील कागद रुग्णालाच उमगत नाही आणि संकोचामुळे तो विचारीतही नाही.

वस्तुतः संस्कृत समासाप्रमाणे या शब्दांचाही विग्रह करता येतो. 'हेपॅट' म्हणजे यकृत, 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड, 'आर्थ्र' म्हणजे सांधा. शेवटी 'आयटिस' आले की दाह समजावा. म्हणून हेपॅटायटिस म्हणजे यकृतदाह आणि आर्थ्रायटिस म्हणजे संधिदाह. 'एक्टमी' म्हणजे शस्त्रक्रियेने काढून टाकणे. 'हायपर' म्हणजे अधिक, 'हायपो' म्हणजे उणे. उच्चार जवळचे, अर्थ मात्र परस्परविरुद्ध!

काही शब्द फसवे असतात. 'अक्यूट' म्हणजे अल्पावधीत उद्भवलेला आणि 'क्रॉनिक' म्हणजे दीर्घकाळ चाललेला विकार. 'क्रॉनिक' म्हटले म्हणून तो असाध्यच असतो असे नाही. व्यवहारात 'पॉझिटिव्ह' हा शब्द शुभ मानला जातो; तपासणीत त्याचा अर्थ, जे शोधले ते आढळले. गाठीच्या अहवालात 'बिनाइन' म्हणजे कर्करोगाची नसलेली आणि 'मॅलिग्नंट' म्हणजे कर्करोगाची.

औषधाच्या चिठ्ठीवर बी.डी. म्हणजे दिवसातून 2 वेळा, टी.डी.एस. म्हणजे 3 वेळा, ए.सी. जेवणापूर्वी, पी.सी. जेवणानंतर, एच.एस. झोपताना आणि एस.ओ.एस. गरज भासल्यास. ओ.डी. म्हणजे दिवसातून 1 वेळा; परंतु नेत्रतज्ज्ञांच्या चिठ्ठीत त्याच अक्षरांचा अर्थ उजवा डोळा असा होतो. म्हणून केवळ पाठांतरावर विसंबू नये, विचारून खात्री करावी.

आपल्या समाजाला हा विषय अधिक निकडीचा आहे. चौविहार पाळणाऱ्याच्या चिठ्ठीत एच.एस. लिहिले असेल तर ते औषध घ्यावे केव्हा? मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने नेहमीची मात्रा घेऊन उपवास केला, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या घटू शकते. प्रति 100 मिलिलिटर रक्तात ती 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली की त्या अवस्थेला 'हायपोग्लायसेमिया' म्हणतात. घाम, कंप, गोंधळलेपण आणि वेळीच साखर न दिल्यास बेशुद्धी, असा तिचा क्रम असतो. भोवतालच्यांना मात्र तो तपश्चर्येचा थकवा वाटतो! पर्युषणापूर्वीच आपले नियम डॉक्टरांना सांगितले, तर औषधाची वेळ वा मात्रा बदलणे शक्य आहे का, हे ते ठरवू शकतात. आणि उपवास करू नका असे त्यांनी सांगितले, तर तेही ऐकावे. स्वतःच्या मताने औषध बंद करणे मात्र सर्वथा अनुचित.

'जिलेटिन' हा शब्दही ओळखून ठेवावा. कॅप्सूलचे हे आवरण सामान्यतः प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनते. वनस्पतिजन्य आवरणाच्या कॅप्सूलही मिळतात. पर्याय आहे का, हे अवश्य विचारावे.

मला काय झाले आहे? हे औषध कशासाठी? ते केव्हा आणि कसे घ्यायचे? हे तीन प्रश्न विचारण्यात डॉक्टरांचा अनादर नाही. सम्यक् ज्ञानाला आपण रत्न मानतो. देहाविषयीचे यथार्थ ज्ञान हा त्याच वाटेवरील एक दीप आहे. तो या ट्रस्टच्या द्वारे घरोघरी पोहोचो.