जुन्या मोटारीचा नवा कार्ब्युरेटर



अमेरिकेत जुन्या मोटारी जपण्याची हौस मोठी आहे. साठ-साठ वर्षांपूर्वीची फोर्ड किंवा शेव्हरोलेट घराशेजारच्या गॅरेजात ठेवायची, रविवारी धुऊनपुसून बाहेर काढायची आणि जमेल तितकी दुरुस्ती स्वतःच्या हातांनी करायची, असा हा नाद आहे. अशा गाडीच्या मालकापुढे केव्हा ना केव्हा एक प्रश्न येतोच. मूळचा कार्ब्युरेटर झिजला, आता त्या जागी कोणता बसवावा?

तुम्ही म्हणाल, त्या हौशी मंडळींच्या मोटारीशी आमचा काय संबंध? पण कार्ब्युरेटर आपल्याला परका नाही. एप्रिल २०२० मध्ये आपल्याकडे धुराचे नवे नियम लागू झाले. त्याआधी विकल्या गेलेल्या बहुतेक मोटारसायकलींत तोच होता, आणि गावच्या मेकॅनिकपुढे तो आजही उघडून ठेवलेला दिसतो. शिवाय त्याची निवड करताना शाळेतले गणितच उपयोगी पडते. म्हणून शिक्षकमित्रांनीही इकडे लक्ष द्यावे.

आधी कार्ब्युरेटरचे काम काय ते पाहू. पेट्रोल नीट जळायला वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. हे मिश्रण तयार करून इंजिनाला पुरवायचे, एवढेच त्याचे काम. पण ते तो करतो कसे? पाटाचे पाणी अरुंद तोंडातून जाताना जोरात धावते, हे तुम्ही रोज पाहता. हवेचेही तसेच आहे. इंजिनाचा दट्ट्या खाली गेला की हवा आत ओढली जाते. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की तिथला दाब घटतो. हा नियम डॅनियल बर्नुली याने १७३८ साली मांडला. अरुंद गळ्याला व्हेंचुरी म्हणतात, ते त्याच्यानंतर झालेल्या एका इटालियन शास्त्रज्ञाच्या नावावरून. गळ्याशेजारी पेट्रोलची छोटी वाटी असते. गळ्यात दाब कमी आणि वाटीवर बाहेरच्या हवेचा दाब जास्त, म्हणून पेट्रोल बारीक छिद्रातून आपोआप वर येते आणि त्याचा फवारा उडतो. पंपाने ढकलले म्हणून नव्हे, गळ्याने ओढले म्हणून ते येते! ही ओढ ध्यानात ठेवा. पुढचा सगळा विचार तिच्यावर उभा आहे.

आता निवडीकडे वळू. पण त्याआधी एक प्रश्न विचारावा: दोष कार्ब्युरेटरचाच आहे ना? गाडी अडखळली की लोक त्याच्यावरच बोट ठेवतात. पुष्कळदा खोट असते ठिणगीच्या वेळेत, झिजलेल्या पॉइंटात, नाहीतर भेगाळलेल्या रबरी नळीत. ते सारे तपासून मगच पाना हातात घ्यावा. आणि दोष खरोखर कार्ब्युरेटरचा असला, तरी पुष्कळ वेळा तोच उघडून, स्वच्छ करून, नवी गॅस्केटे, नवी सुई आणि पंपाचा नवा पडदा घातला की काम भागते. झडपेचा दांडा आपल्या भोकात खडखडू लागला, किंवा ओतीव सांगाडाच वाकला, तर मात्र बदलणे आले.

उदाहरण म्हणून १९६५ सालची फोर्ड मस्टँग घेऊ. ही गाडी १७ एप्रिल १९६४ रोजी बाजारात आली आणि अमेरिकेत तिने धमाल उडवून दिली. तिच्या एका लोकप्रिय इंजिनाला आठ सिलिंडर असत आणि त्यांचे एकूण माप २८९ घनइंच, म्हणजे सुमारे ४.७ लिटर. दुकानात गेले तर ५०० घनफुटांचा, ६०० चा, ७५० चा, असे कार्ब्युरेटर मांडलेले. हा आकडा म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट हवा जाऊ शकते त्याचे माप. साहजिकच मन म्हणते, मोठा घ्यावा, ताकद वाढेल. इथेच पैसे फुकट जातात.

मास्तर, फळ्यावर हिशेब मांडा. चार फेऱ्यांच्या इंजिनात आसाच्या दर दोन फेऱ्यांना सगळे सिलिंडर एकदा भरतात. इंजिन मिनिटाला ५,००० फेरे फिरले, तर भरणे झाले २,५०० वेळा. २८९ गुणिले २,५०० म्हणजे ७,२२,५०० घनइंच. एका घनफुटात १,७२८ घनइंच असतात, तेव्हा भागाकार आला सुमारे ४१८ घनफूट. पण सिलिंडर कधी काठोकाठ भरत नाही. रस्त्यावरच्या साध्या इंजिनात तो शेकडा ८० ते ८५ इतका भरतो असे धरू. मग उत्तर येते साडेतीनशेच्या आसपास. कारखान्याने या इंजिनावर चार गळ्यांचा जो कार्ब्युरेटर बसवला होता, तोही पाचशेच्या आतलाच होता.

मग ७५० चा बसवला तर बिघडले काय? गळा मोठा, म्हणून हवेचा वेग मंद. वेग मंद, म्हणून ओढ कमजोर. रोजच्या चालीत फवारा बारीक उडत नाही, आणि पाय दाबला की गाडी पुढे झेपावण्याऐवजी क्षणभर गचकते. पाटाचे तोंड रुंद केल्याने विहिरीचे पाणी वाढत नाही, बघा!

कोणी म्हणेल, याच २८९ इंजिनावर १९६५ च्या शेल्बी जी. टी. ३५० गाडीत ७१५ घनफुटांचा कार्ब्युरेटर होता, त्याचे काय? खरे आहे. पण त्या गाडीत हवा आत नेणाऱ्या आणि धूर बाहेर काढणाऱ्या नळ्याही बदलल्या होत्या, आणि ती शर्यतीसाठी सिद्ध केली होती. नुसता कार्ब्युरेटर नव्हे, सारी श्वसनसंस्थाच मोठी केली होती.

आकड्यांत आणखी एक मेख आहे. चार गळ्यांच्या कार्ब्युरेटरचे माप दीड इंच पाऱ्याच्या दाबफरकावर घेतात, दोन गळ्यांच्याचे तीन इंचांवर. दाबफरक दुप्पट झाला की प्रवाह दोनच्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१ पटीने वाढतो. म्हणून दोन गळ्यांचा ५०० चा कार्ब्युरेटर चार गळ्यांच्या मापाने ३५४ चाच ठरतो. पायली वेगळी असेल तर धान्याची तुलना कशी करावी? आधी माप एक करावे, मग भाव विचारावा.

आकार ठरला की जात पाहावी. चार गळ्यांपैकी पुढचे दोन नेहमी काम करतात, मागचे दोन जोर लागेल तेव्हा उघडतात. काहींत मागचे गळे हवेच्या ओढीने, गरजेप्रमाणे उघडतात. काहींत ते पायाच्या दट्ट्याला जोडलेल्या दांड्याने थेट उघडतात. गाडी जड असेल आणि गिअर आपोआप बदलत असतील, तर पहिला प्रकार बरा. हलक्या आणि हाताने गिअर बदलण्याच्या गाडीला दुसरा चालतो.

मग बसते की नाही ते पाहावे. काहींच्या बुडाची चारही भोके सारख्या मापाची असतात. जनरल मोटर्सच्या गाड्यांवरच्या क्वाड्राजेटसारख्यांत पुढची दोन लहान, मागची दोन मोठी. एकाच्या जागी दुसरा बसवायचा तर मधे जोडपट्टी लागते, आणि मग उंची वाढून बॉनेट बंद होत नाही. दांडे, चोक आणि आपोआप बदलणाऱ्या गिअरची जोडणी जुळते का, हेही खरेदीआधीच पाहावे.

येथे एक गोष्ट निक्षून सांगतो. जुना यांत्रिक पंप साधारण पाच-सहा पौंड दाबाने पेट्रोल देतो. जास्त दाबाचा विजेवरचा पंप जोडला, तर वाटीतली सुई ते अडवू शकत नाही. वाटी भरून वाहते, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडले म्हणजे आगीला आमंत्रणच. तसेच झडप बंद करणारी स्प्रिंग दोनदा तपासावी. पाय उचलूनही झडप उघडीच राहिली, तर गाडी आवरत नाही.

शेवटी जागा आणि इंधन. डेन्व्हर हे शहर समुद्रसपाटीपासून एक मैल उंच आहे. तेथील हवा सुमारे सातव्या हिश्श्याने विरळ असल्याने मिश्रणात पेट्रोल जास्त होते, आणि छिद्र थोडे लहान घालावे लागते. अमेरिकेच्या आजच्या बहुतेक पेट्रोलात शेकडा १० पर्यंत मक्याचे इथेनॉल असते. आपल्याकडेही उसाचे आणि मक्याचे इथेनॉल पेट्रोलात मिसळले जातेच. साठ वर्षांपूर्वीचे रबर त्याला टिकत नाही, म्हणून नवी गॅस्केटे आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्याच मागाव्यात.

सारांश असा, की यंत्राला मोठे काय आहे ते देऊ नये, त्याला पुरते काय ते द्यावे. आणि ते अंदाजाने नव्हे, मोजून द्यावे. शिक्षकमित्रांनो, उद्या वर्गात मुलांना एक गणित घाला. १०० घनसेंटिमीटरचे मोटारसायकलचे इंजिन मिनिटाला ८,००० फेरे फिरले, तर ते जास्तीत जास्त किती हवा ओढील? उत्तर येईल ४०० लिटर, म्हणजे दोनशे लिटरची दोन पिंपे. एवढीशी मोटारसायकल मिनिटात दोन पिंपे हवा पिते, हे मुलांना आधी खरे वाटणार नाही. मग त्यांनाच भागाकार करू द्या.