संशोधनाची शिष्यवृत्ति मागावी कशी?

(ज्युबिली महोत्सवाच्या व्याख्यानमालेंत झालेलें भाषण)



"आपल्या मुलांचें उच्च शिक्षण" हा विषय मला नेमून देण्यांत आला आहे. तो इतका विस्तृत आहे कीं, त्याचा एकच कोपरा धरून बोलावें हें बरें. मानवी भूगोलांत पीएच्. डी. करूं इच्छिणाऱ्या मुलामुलींनीं वेतनासह संशोधनाची जागा किंवा शिष्यवृत्ति कशी मागावी, एवढेंच मी सांगणार आहें. हाच कोपरा निवडण्याचें कारण असें कीं, मीं आयुष्यभर भूगोल शिकविला, आणि ती जागा मला स्वतःला मात्र मिळाली नाहीं.

भूगोल म्हणजे नद्या, पर्वत आणि राजधान्यांचीं नांवें, अशी घरोघरीं समजूत आहे. मानवी भूगोल माणसांकडे पाहतो. माणसें कोठें राहतात, तेथून कां उठतात, किती लांब जातात आणि मागें राहिलेल्यांचें काय होतें, हे त्याचे प्रश्न होत. १८८५ सालीं रेव्हेनस्टाइन नांवाच्या नकाशेकारानें लंडनमध्यें खानेसुमारीचे आंकडे तपासून, बहुतेक स्थलांतर जवळच्या पल्ल्याचें असतें, असें दाखविलें. आपल्या बीड जिल्ह्यांतील ऊसतोड मजूर त्या नियमांत सहजासहजीं बसत नाहीं. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायको मिळून एक "कोयता" ठरतो, मुकादमाकडून उचल घेतली जाते, आणि बिऱ्हाड दूर पश्चिम महाराष्ट्रांतील कारखान्याकडे निघतें. उन्हाळा लागेपर्यंत गांवांत बहुतेक म्हातारीं माणसें आणि लहान पोरें उरतात.

पुष्कळ वर्षांपूर्वी मीं एका विद्यापीठाकडे अर्ज केला होता. विषय लिहिला, "मराठवाड्यांतील ग्रामीण जीवन". सोबत सोळा पानांचें टिपण जोडलें होतें, आणि त्या सोळा पानांचा मला मोठा अभिमान होता. मुलाखतींत एका वृद्ध प्राध्यापकांनीं तें चाळलें व एवढेंच विचारलें, "कोणतें गांव?" मी गप्प राहिलों. केवढा हा मुलूख, आणि त्यांतलें एकही गांव मीं निवडलें नव्हतें! पुढल्या वर्षीं पुन्हां अर्ज करावा, तों वयाची मर्यादा उलटून गेली. मी शाळेंत रुजू झालों. शाळेनें मला पुष्कळ दिलें. पण तो प्रश्न अजून कानांत आहे.

म्हणून सांगतों, "ऊसतोड कामगारांच्या समस्या" हा संशोधनाचा प्रश्न नव्हे. तो वर्तमानपत्राचा मथळा झाला. एक गांव धरावें. तेथून किती जोड्या गेल्या, नातवंडें सांभाळणारी आजी रेशनच्या दुकानापर्यंत व दवाखान्यापर्यंत किती चालते, मूल कोणत्या महिन्यांत शाळेंतून नाहींसें होतें व कोणत्या महिन्यांत परततें, हें विचारावें. प्रश्न कोणता, तो याच ठिकाणीं कां, इतरांनीं आजवर काय लिहिलें व ते कोठें थांबले, माहिती कशी मिळविणार, आणि हें सारें तीन-चार वर्षांत उरकेल काय, एवढेंच परीक्षकांस पाहावयाचें असतें. त्याला सोळा पानें लागत नाहींत.

एक साधन तर आपल्या घरांतच पडून आहे. स्नानसंस्काराच्या नोंदवहींत केवळ नांव आणि तारीख नसते. पुढें त्या व्यक्तीचा विवाह झाला म्हणजे, तो जेथें झाला तेथून कळवावा लागतो आणि मूळ नोंदीपाशीं टिपून ठेवावा लागतो, असा चर्चचा कायदा आहे. म्हणजे वहीच्या समासांत एकेका माणसाचा प्रवास लिहिलेला असतो! १९८५ सालीं वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाल्यावर कोण कोठून आलें, आणि त्यांचीं लग्नें कोणत्या गांवांशीं जुळत राहिलीं, याचा माग अशा वह्यांतून लागूं शकेल. अर्थात् त्या नोंदी खासगी आहेत. धर्मगुरूंच्या लेखी परवानगीवांचून त्यांस हात लावूं नये, आणि नांवें तर कोठेंही छापूं नयेत. ही अट आपण होऊन अर्जांत लिहावी. तिनें अर्जाचें वजन वाढतें.

आतां पैशाची गोष्ट. आपल्याकडील मुख्य मार्ग म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची नेट परीक्षा. प्रश्न १५०, गुण ३००, अवधि तीन तासांचा, आणि चुकलेल्या उत्तराबद्दल गुण कापीत नाहींत. वरच्या क्रमांकांत येणाऱ्यांस कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ति मिळते. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरानें ती पहिलीं दोन वर्षें महिना ३७,००० रुपये व पुढें ४२,००० रुपये आहे, घरभाडें निराळें. वयाची मर्यादा ३० वर्षांची असून स्त्रियांस पांच वर्षांची सवलत आहे. २०२४ पासून याच परीक्षेच्या गुणांवर पीएच्. डी.ला नुसता प्रवेशही मिळूं शकतो. परंतु प्रवेश निराळा आणि पैसा निराळा, हें आईबापांच्या ध्यानांत राहत नाहीं.

आपल्या समाजापुरती एक कडू गोष्ट सांगणें भाग आहे. अल्पसंख्याकांसाठीं २००९ सालीं सुरू झालेली मौलाना आझाद शिष्यवृत्ति ख्रिस्ती विद्यार्थ्यांसही मिळत असे. २०२२-२३ पासून ती नव्या विद्यार्थ्यांस बंद झाली. तसेंच १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार, ख्रिस्ती झालेल्या दलित बांधवांस अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहींत. त्या १९५६ मध्यें शीखांस व १९९० मध्यें बौद्धांस लागू झाल्या. आपली तक्रार रास्त आहे आणि ती मांडलीच पाहिजे. पण जी मुलगी यंदा अर्ज करणार, तिला या सवलतींवांचून उभें राहावयाचें आहे. तिचा प्रश्न चोख असलाच पाहिजे.

परदेशची रीत निराळी. नेदरलंड्स व स्वीडन येथें असा विद्यार्थी बहुधा विद्यापीठाचा पगारी नोकरच असतो. जागेची जाहिरात निघते, पुष्कळदां कामही आधींच ठरलेलें असतें. तेथील प्राध्यापकांचे दोन-तीन लेख वाचून, त्याच जागेसाठीं म्हणून पत्र लिहावें. एकच पत्र वीस ठिकाणीं धाडूं नये. शिफारस करणाऱ्या गुरुजनांस तीन आठवडे तरी आधीं सांगावें. आणि फादर मला क्षमा करोत, परंतु चर्चचा चारित्र्याचा दाखला येथें चालत नाहीं. ज्यांनीं आपलें लेखन वाचलें आहे अशा शिक्षकांचीं पत्रें लागतात.

पंचविशीची मुलगी "अजून शिकते" म्हटलें कीं घरांत कुजबुज सुरू होते. हें काम आहे आणि त्याला वेतन आहे, असें त्या मंडळींस सांगावें. मात्र वेतनाला मुदत असते. १९१३ सालीं बाबासाहेब आंबेडकर बडोदें संस्थानची शिष्यवृत्ति घेऊन न्यूयॉर्कला गेले. ती संपली तेव्हां लंडनमधील अभ्यास अपुराच होता, व १९१७ सालीं त्यांना परतावें लागलें. पुन्हां पैसे जमवून १९२० मध्यें ते लंडनला गेले आणि १९२३ मध्यें त्यांनीं डी. एस्सी. मिळविली. पुढें १९५० सालीं आपल्या या शहरांत, तेव्हांच्या औरंगाबादेंत, मिलिंद महाविद्यालय काढलें तें त्यांनींच. आजही नेटची शिष्यवृत्ति फार तर पांच वर्षें चालते, आणि प्रबंधाला नियमानें सहा वर्षांपर्यंत मुभा आहे. शिवाय पैसे कित्येकदां महिनोन्महिने उशिरां येतात. तें मधलें वर्ष कोणाच्या मिळकतीवर काढावयाचें, याचा हिशेब अर्जाच्या आधींच घरीं बसून करावा.

माझा तो सोळा पानांचा अर्ज मीं जपून ठेविला आहे. येत्या रविवारीं दुसरी मिस्सा झाल्यावर मी तो घेऊन सभागृहांत बसणार आहें. ज्यांना अर्ज करावयाचा आहे त्यांनीं अवश्य यावें. येतांना आपला प्रश्न एका पानावर लिहून आणावा, आणि त्यांत गांवाचें नांव असावें.