लॅटिनो म्हणजे कोण?



मेक्सिकोत राहणारा शेतमजूर स्वतःला सहसा 'लॅटिनो' म्हणवीत नाही. तो मेक्सिकन असतो, फार तर ओआहाकाचा किंवा मिचोआकानचा असतो. सरहद्द ओलांडून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आला की तो लॅटिनो होतो. काहींना तर सरहद्द ओलांडावीही लागली नाही. १८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गोच्या तहाने कॅलिफोर्नियासह मेक्सिकोचा उत्तरेकडील विस्तीर्ण मुलूख अमेरिकेने घेतला, तेव्हा तेथील माणसे आपापल्या घरीच होती. प्वेर्तो रिकोच्या रहिवाशांना १९१७ साली अमेरिकन नागरिकत्व मिळाले. आपल्या बेटावर राहून अध्यक्षाच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क मात्र त्यांना अजूनही नाही.

तेव्हा ही अस्मिता रक्तातून वा केवळ भाषेतून आलेली नाही. तिला एक सरकारी जन्मतारीखही आहे. १९७६ साली अमेरिकन काँग्रेसने स्पॅनिश मूळ असलेल्या नागरिकांची आकडेवारी गोळा करण्याचा कायदा केला. १९८० च्या जनगणनेत घरोघरी तसा प्रश्न विचारला गेला. 'लॅटिनो' हा शब्द त्या अर्जावर २००० साली आला. २०२० मध्ये त्या रकान्यात ६ कोटी २० लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. १९५९ च्या क्रांतीनंतर मायामीत आलेल्या क्यूबन धनिकांचे वारस त्यात आहेत, आणि परक्या घरी झाडलोट करणारी होंडुरासची बाईही त्यातच आहे. रकान्याला वर्ग दिसत नाही.

परंतु निव्वळ सरकारी कागद म्हणून तिची वासलात लावणेही चुकीचे ठरेल. ८ सप्टेंबर १९६५ रोजी कॅलिफोर्नियातील डेलानो येथे द्राक्षमळ्यांत संप सुरू झाला, तो लॅरी इट्लिआँग यांच्या नेतृत्वाखालील फिलिपिनो मजुरांनी केला. १६ सप्टेंबरला, म्हणजे मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनी, सेसार चावेझ आणि दोलोरेस वेर्ता यांच्या संघटनेने संपात उतरण्याचा ठराव केला. १९६६ साली डेलानोहून साक्रामेंटोपर्यंत सुमारे ३०० मैलांची पदयात्रा निघाली, तेव्हा अग्रभागी ग्वादालूपेच्या मातेची प्रतिमा होती. कोणा डाव्या विचारवंताला तो देवभोळेपणा वाटला असेल. पंढरीची वारी पाहिलेल्याला तसे वाटू नये. १९३५ च्या कामगार कायद्याने शेतमजुरांना संघटनेच्या संरक्षणातून वगळले होते. ज्यांच्या पाठीशी कायदा नव्हता, त्यांना एकत्र आणायला गाणी, सण, माता आणि मातृभाषा एवढेच भांडवल हाताशी होते. त्याच्या जोडीला देशभरच्या ग्राहकांनी द्राक्षांवर बहिष्कार घातला, आणि १९७० साली डेलानोच्या मळेवाल्यांना करारावर सह्या कराव्या लागल्या. संस्कृती तेथे मजुरीच्या दराशी जोडली गेली, म्हणून तिच्यात बळ आले.

आणि ते फिलिपिनो? तीन शतकांहून अधिक काळ स्पेनची सत्ता सोसलेले, बहुतेक कॅथलिक, पुष्कळांची आडनावेही स्पॅनिश. तरी जनगणनेच्या हिशेबी ते लॅटिनो नव्हेत, आशियाई. उलट, ओआहाकातून कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत येणारा मिश्तेक मजूर लॅटिनो गणला जातो. त्याची मातृभाषा मात्र स्पॅनिश नव्हे. स्पॅनिश त्याला मुकादमाची भाषा म्हणून शिकावी लागते, आणि ती नीट येत नाही म्हणून त्याला हिणवणारे पुष्कळदा स्पॅनिशभाषक मजूरच असतात. लॅटिनो संस्कृतीचा अभिमान सांगणाऱ्या संघटनांनी त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलायचे, हा प्रश्न त्या मळ्यांत आज उभा आहे.